उडवता न येणारा फोटो

आमच्या घरात फोटो काढायचा हक्क सगळ्यांना आहे, पण ठेवायचा फक्त आईला. कोणी फोन वर धरला की ती हातातलं काम सोडून येते, कपाळावरचा चष्मा नाकावर आणते आणि म्हणते, "बघू." मग अंगठा फिरू लागतो. स्वतःचा फोटो दिसला की, "हा उडव." आपण टाळाटाळ केली तर ती स्वतः उडवते. एरवी तिला फोनवर साधा गजर लावून द्यावा लागतो, पण एवढी एक गोष्ट ती कोणी न शिकवता शिकली.

तिच्या तावडीतून जे फोटो सुटले आहेत, त्यांत ती साक्ष द्यायला उभी असल्यासारखी दिसते. ओठ मिटलेले, हनुवटी वर, नजर कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर. खरी आई अशी नाहीच. ती हसते तेव्हा आवाज येत नाही. डोळे घट्ट मिटतात, खांदे गदागदा हलतात आणि जवळ जे काही असेल ते ती धरते, मग ते माणूस असो, खुर्ची असो की दाराची कडी. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण कागदावर पुरावा नव्हता.

पुरावा हवा होता धाकटीला. माझ्या या बहिणीला जहाजाच्या इंजिन विभागात नोकरी लागली होती. एकदा जहाज निघालं की कित्येक महिने समुद्र, आणि बराचसा वेळ फोन म्हणजे नुसती चपटी डबी. एका संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली आणि दार लोटून कुजबुजली, "ताई, मला आईचा एक फोटो हवाय. कपाटाच्या दाराला आतून लावायला. हसतानाचा. साक्षीदार नकोय मला."

"मग काढ की. हातात फोन आहे."

"किती वेळा काढला! आवाज बंद करून काढला, दाराआडून काढला. तिला कळतंच. म्हणते, फोनकडे बघताना तुझं तोंड चोरासारखं होतं."

"होतं खरं."

"तू गप्प बस. काहीतरी उपाय सांग. शास्त्रज्ञ ना तू?"

मी शास्त्रज्ञ वगैरे नाही. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, दाण्यांवर कोणती बुरशी वाढली आहे ते सूक्ष्मदर्शकातून पाहते. पण उपाय सुचला तो मात्र त्या सवयीनेच. अडचण फोटो काढण्यात नव्हती, लगेच दिसण्यात होती. आईला कॅमेऱ्याची भीती नव्हती, निकालाची होती. तेव्हा असं यंत्र हवं, ज्याला पडदाच नाही आणि ज्यातलं चित्र कोणालाही उडवता येत नाही. म्हणजे जुना, फिल्मचा कॅमेरा.

जुन्या वस्तूंच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकान जिन्याखाली होतं, आत वाकून जावं लागे. दुकानदार प्रत्येक कॅमेऱ्याची ओळख एखाद्या स्थळासारखी करून देत होता.

"हा बघा. घराणं चांगलं, अंगापिंडाने भक्कम. आधीच्या मालकाने फुलासारखा जपलाय."

मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, भिंगाचं तोंड पूर्ण उघडं केलं आणि आरपार दिव्याकडे पाहिलं. भिंगाच्या आत कडेकडेने बारीक, फाटे फुटलेले पांढरे धागे पसरले होते.

"याला बुरशी आहे."

"छे हो! थोडी धूळ आहे."

"धुळीला फांद्या फुटत नाहीत," धाकटी म्हणाली. "आणि तुम्ही कोणाशी बोलताय माहितेय का? हिचं पोट बुरशीवर चालतं."

"म्हणजे?"

"मी बुरशी पगार घेऊन वाढवते," मी म्हणाले. "तुमच्याकडून विकत कशाला घेऊ?"

दुकानदार मोठ्याने हसला आणि तो कॅमेरा त्याने न रागावता परत फळीवर ठेवला. दुसरा दिसायला देखणा होता, पण त्याला कसलीशी बॅटरी लागे आणि तसली बॅटरी आता मिळत नाही, हे त्याने स्वतःहूनच सांगितलं. तिसऱ्याचा चाप दाबून पाहिला. जलद वेग ठीक होते, पण एका सेकंदासाठी उघडलेला भिंगामागचा पडदा मिटायलाच तयार नव्हता. शिंक येता येता अडकावी तसा तो अर्ध्यावर थांबला.

"म्हातारा झालाय," दुकानदार म्हणाला, "पण मन तरुण आहे."

"मनाने फोटो निघत नाही काका. अजून काय आहे?"

तेव्हा त्याने ड्रॉवरमधून एक लहानसा कॅमेरा काढला. तळहातात मावेल एवढा, कातडी कोपऱ्यात उचकटलेली, बाकी अंग धातूचं आणि थंड. "हा गरीब आहे हो. प्रकाश मोजत नाही, फोकस दाखवत नाही. सगळं आपण ठरवायचं आणि याला सांगायचं. पण बॅटरीचं व्यसन नाही."

भिंग स्वच्छ निघालं. पडद्याच्या पात्यांवर तेल नव्हतं. सगळे वेग एकामागोमाग एक दाबून पाहिले. माझा कान काही घड्याळ नव्हे, पण कानाला ते बरोबर वाटले. फिल्म ओढणारं चाक नीट फिरत होतं. भिंगाभोवतीच्या कड्यावर अंतराचे आकडे होते. आकड्यांशेजारचा रंग बोटं लागून लागून उडाला होता, पण आकडे शाबूत होते. तीन, चार, पाच, सात, दहा, पंधरा, तीस आणि मग आडवा आठ, म्हणजे अनंत.

"सात आणि दहा यांच्यामध्ये काय?" धाकटीने विचारलं.

"अंदाज," दुकानदार म्हणाला.

चांगल्या बुटांच्या जोडीला पडतील एवढ्या पैशांत सौदा झाला. काळ्यापांढऱ्या फिल्मचा एक रोल त्याने वर दिला नाही, विकत दिला. काळापांढरा मी मुद्दाम घेतला, कारण तो घरी धुता येतो.

धाकटीला निरोप द्यायला रविवारी काका जेवायला येणार होते. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते खोलीत आले की खोली आपोआप लहान होते, देहानेही आणि बोलण्यानेही. फोटो काढायचे आहेत असं कळल्यावर ते कोट घालून आले. कोट त्यांच्या लग्नाच्या वेळचा होता, आणि काका आता त्या वेळचे राहिले नव्हते.

"वहिनी, बघा. अजून होतो!"

"कोटाला विचारा एकदा," आई म्हणाली.

जेवणं झाल्यावर मी टेबल मोठ्या खिडकीशी ओढलं. बाहेर ऊन होतं, पण आत उजेड बेताचाच, म्हणून भिंगाचं तोंड बरंच उघडं ठेवावं लागणार होतं. तसं ठेवलं की एका ठराविक अंतरावरचं तेवढं रेखीव येतं, पुढचं आणि मागचं विरघळतं. त्यामुळे अंतर अचूक हवं होतं. आणि हा कॅमेरा त्या बाबतीत मुका. त्याची पाहायची खिडकी भिंगाच्या शेजारी असते, भिंगातून ती पाहतच नाही. तिच्यातून सगळं कायम स्वच्छच दिसतं.

मी अंदाजावर सोडणारी नव्हे. मी टेप आणली. एक टोक बाबांकडे दिलं, ते काकांच्या पोटापाशी जाऊन उभे राहिले.

"पोट धरून मोजू की पाठ धरून?" बाबांनी विचारलं. "दोन्हींत बराच फरक आहे."

"दादा, घरात पाहुणा आहे मी!"

"दहा फूट," बाबा म्हणाले.

"फूट नको बाबा, मीटर सांगा."

"आता ते तू काढ. मला फुटातच दिसतं."

मी हिशेब केला. तीन मीटर, वर पाच सेंटिमीटर. कडं तीनवर आणलं आणि पाच सेंटिमीटरसाठी केसभर पुढे सरकवलं.

पहिला मान आईचा. धाकटीने तिला खुर्चीत बसवलं. लगेच ओठ मिटले, हनुवटी वर गेली.

"आई, हस ना."

"हसतेच आहे."

"हे हसणं आहे? असा चेहरा तर दूध नासल्यावर करतेस तू."

"तुला हवाय तो फोटो काढ आणि मोकळी कर मला. भांडी पडलीत."

मी तीन-चार वेळा चाप दाबला. धाकटीने माकडासारखे चाळे केले, काकांनी जुना विनोद सांगितला, बाबांनी त्याचा शेवट आधीच सांगून टाकला. साक्षीदार ढळला नाही.

"झालं? बघू," आईने हात पुढे केला.

"यात दिसत नाही आई."

"दिसत नाही म्हणजे?"

"आत फिल्म आहे. ती धुवायची, मग दिसणार."

आईने कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, पाठीवर बोट फिरवून पाहिलं. पाठ नुसती काळी होती. "आणि वाईट आला तर?"

"वाईटच राहणार."

"काय बाई वस्तू तरी!" ती म्हणाली. पण तिचे खांदे जरा सैल झाले. तपासायला काहीच नसल्यामुळे तिचं कॅमेऱ्यावरचं लक्षच उडालं आणि ती दुसऱ्या कामाला लागली, म्हणजे आम्हाला उभं कसं राहायचं ते सांगायला. माझ्या उजव्या हाताला, रिकाम्या खुर्चीमागे उभी राहून तिने सूत्रं हातात घेतली.

"भाऊजी, डावीकडे. तुमचं डावं नव्हे, माझं. चिमे, केस मागे घे. अहो, तुम्ही त्या दोघांच्या मधे शिरा, भिंतीला टेकू नका, चुना लागेल."

काका, बाबा आणि धाकटी टेबलामागे उभे राहिले. काकांनी छाती पुढे काढली, पोट आत घेतलं आणि श्वास रोखला. मी उजेडाकडे पाहिलं. ढग आला होता. मी वेग एक घर खाली आणला. ढग गेला. मी वेग पुन्हा वर नेला.

"अगं, आटप," बाबा म्हणाले, "तो निळा पडतोय."

"एक मिनिट. टेप पुन्हा धरा बरं."

"ताई!"

तेवढ्यात काकांचा श्वास सुटला. त्याबरोबर कोटाचं मधलं बटण फट्कन उडालं, टेबलावर आपटलं आणि माझ्या कानाजवळून मागे गेलं. मी दचकले आणि माझं बोट चापावर दाबलं गेलं. त्याच क्षणी उजवीकडून काहीतरी मोठं, जवळचं कॅमेऱ्याच्या खिडकीत घुसलं. आई होती. काय झालं ते पाहायला वाकली होती. एक फ्रेम फुकट गेली म्हणून मी चरफडले आणि फिल्म पुढे ओढली. बाकी सगळे खुर्च्यांवर कोसळून हसत होते आणि काका कोटाची दोन टोकं हातांत धरून विचारत होते, "लागलं नाही ना कोणाला?"

उरलेल्या फ्रेम मी नेटाने, टेप लावून संपवल्या.

सोमवारी सुटी काढून फिल्म धुतली. प्रकाश न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून, न बघता, फिल्म गोल चकरीवर चढवायची आणि डब्यात बंद करायची. मग डब्यात औषध ओतायचं, हलवायचं, ओतून टाकायचं. औषधाचं तापमान मी पाण्याच्या बादलीत डबा ठेवून सांभाळलं. आई न्हाणीघराच्या दारात उभी राहून पाहत होती.

"सुटी घेऊन एवढंसं धुतेस, आणि आठवडाभराचे कपडे तसेच आहेत."

फिल्म बाहेर काढली तेव्हा तिच्यावर चित्रं होती. मला माहीत होतं की असणार, तरी मी ओरडले. धाकटी धावत आली. ओली, चकचकीत पट्टी आम्ही कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगली. निगेटिव्ह असल्याने सगळ्यांचे चेहरे काळे आणि केस पांढरे. नखाएवढ्या चित्रात काका ओळखू आले ते आकारावरून.

दुसऱ्या दिवशी पट्टी कामावर नेली आणि जेवणाच्या सुटीत सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. आधी टेबलाची पुढची कड दिसली. वरच्या कापडाची वीण इतकी रेखीव की एकेक धागा मोजून घ्यावा. एका चमच्याच्या दांड्यावरची नक्षीही दिसत होती. मी खूश झाले. पट्टी थोडी वर सरकवली. काकांच्या जागी कोट घातलेला ढग होता. बाबा ढग, धाकटी ढग. खुर्चीत हनुवटी वर करून बसलेला साक्षीदार, तोही ढग.

"काय सापडलं?" शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं. "नवी जात?"

"हो," मी म्हणाले. "माझीच."

कारण मला कळलं होतं. कापड, चमचा, टेबलाची कड, रेखीव आलेलं सगळं माझ्यापासून दोन हात अंतरावरचं होतं. तीन फुटांवरचं. कड्यावरचे आकडे फुटांचे होते. मला आयुष्यभर मीटर शिकवलेत म्हणून मी ते मीटरच धरले. त्या आकड्यांत दहा होता. बाबांनी दहाच सांगितलं होतं. मी ते ऐकलं, हिशेब करून अचूकपणे चूक केलं, आणि वर पाच सेंटिमीटरची काळजीसुद्धा घेतली.

धाकटी परवा सकाळी निघणार होती. नवा रोल, नवं जेवण, नवं धुणं, कशालाच वेळ नव्हता. तिला काय सांगायचं याचा विचार करत मी पुढच्या फ्रेम नुसत्या सरकवत राहिले. ढग, ढग, चमचा, ढग.

आणि मग एक काळ्या केसांची बाई.

ती उजवीकडून अर्ध्या फ्रेममध्ये आली होती. क्षणभर मी तिला ओळखलं नाही, कारण निगेटिव्हमध्ये आईचे पांढरे केस काळे झाले होते. दोन्ही हातांनी तिने खुर्चीची पाठ गच्च धरली होती. डोळे घट्ट मिटलेले, त्यांच्या कोपऱ्यांतून सुरकुत्या पंख्यासारख्या पसरलेल्या, तोंड उघडं, मान मागे. कानातल्या कुडीचा एकेक खडा वेगळा दिसत होता. काय झालं ते पाहायला नव्हती वाकली ती. हसता हसता कोसळत होती. मी समोर पाहत होते म्हणून मला ते कळलंच नव्हतं. मागे तीन ढग दात काढत उभे होते.

मी सूक्ष्मदर्शकापासून दूर झाले आणि मैत्रिणीला म्हटलं, "बघ, माझी आई." तिने डोळा लावला आणि तीही हसू लागली. कशाला हसतो आहोत हे तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी स्टुडिओवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी पट्टी उजेडावर धरली. "मागचे तिघं धूसर आलेत. कापून टाकू?"

"नको, राहू द्या. ते आमचेच आहेत."

घरी पोचले तेव्हा धाकटी बॅगेवर बसून ती बंद करत होती. मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिने फोटो बाहेर काढला, आणि जी मुलगी इंजिन उघडताना गप्प असते ती किंचाळली, "ताई! हीच ती! कसा काढलास?"

"चुकून," मी म्हणाले, आणि फूट-मीटरची हकीगत सांगितली. बाबा दारात येऊन ऐकत होते. मग टेप कपाटातून काढून माझ्या टेबलावर ठेवून गेले.

आरडाओरडा ऐकून आई आली. चष्मा नाकावर आला. "बघू."

धाकटीने फोटो आधी छातीशी धरला. मग दिला.

आईने तो खिडकीपाशी नेला. आम्ही दोघी श्वास धरून उभ्या. तिने तो जवळ नेला, लांब धरला, अंगठा एकदा कागदावर फिरवला. कागद होता, काहीच झालं नाही.

"ही मी?"

"नाहीतर कोण?"

"मी अशी हसते?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ती डोळे मिटून हसते. आरशासमोर हसली असती तरी तिला काही दिसलं नसतं. घरातल्या सगळ्यांनी रोज पाहिलेली ही बाई तिने आज पहिल्यांदा पाहिली होती. एवढी साधी गोष्ट माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आली नव्हती.

"दात किती दिसतायत," ती म्हणाली.

"आई, तो माझा आहे. मी देणार नाही."

"कोण मागतंय? नीट ठेव. दुमडू नकोस. दोन पुठ्ठ्यांच्या मधे घाल, नाहीतर तुझ्या त्या बुटांखाली जाईल." तिने फोटो परत दिला, दोन पावलं स्वयंपाकघराकडे गेली आणि थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते काळं राहतं ना तुझ्याकडे? त्याच्यावरून अजून एक निघतो का?"

"हवे तेवढे निघतात. कोणाला द्यायचाय?"

"द्यायचा कशाला? मला नको का एक?"